छतावर सोलर बसलं, मग पेट्रोल का कमी होईना?

सातरस्ता

विजापूर रोड असो, जुळे सोलापूर असो की बाळे, गच्चीवर गेलं की आजूबाजूला निळी पॅनेलं दिसायला लागली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान म्हटल्यावर ज्याची स्वतःची गच्ची आहे त्याने निदान चौकशी तरी केलीच. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरले तरी तीन किलोवॅटात साध्या घराचं लाइटबिल जवळपास संपतं. इथवर सगळं झकास.

माझा आक्षेप पुढच्या वाक्याला आहे. हल्ली लग्नात, कट्ट्यावर, कुठेही ऐकू येतं, "आता आखातात काहीही होऊ दे, आपलं सोलर आहे!" आणि बोलणारा तिथून उठून पेट्रोलच्या गाडीवर घरी जातो.

अहो, सोलरने वाचते ती वीज. आणि वीज आपण तेलापासून करतच नाही. आपल्या दारातला एनटीपीसीचा फताटेवाडीचा प्रकल्प १३२० मेगावॅटचा आहे, तो कोळशावर चालतो. छतावरच्या सोलरमुळे कोळसा थोडा कमी जळेल. तेही चांगलंच आहे, पण आखाताशी त्याचा संबंध नाही.

तेल कुठे जातं ते बघा. २०२३-२४ मध्ये देशात साधारण २३ कोटी टन पेट्रोलियम पदार्थ वापरले गेले. त्यात डिझेल जवळपास ९ कोटी टन, पेट्रोल पावणेचार कोटी, स्वयंपाकाचा गॅस ३ कोटी. बाकी विमानाचं इंधन, डांबर, नाफ्था वगैरे. आणि आपल्या विहिरींतून कच्चं तेल निघतं ते वर्षाला ३ कोटी टनांच्याही आत. १९७४ मध्ये मुंबई हाय सापडलं तेव्हा केवढा जल्लोष झाला होता. आज शंभरातलं पंच्याऐंशीच्या वर तेल बाहेरून येतं. ते मुंबईच्या रिफायनरीत शुद्ध होऊन पुण्यामार्गे पाइपलाइनने पाकणीच्या डेपोत पोचतं आणि तिथून टँकरने आपल्या पंपावर. या साखळीला तुमच्या गच्चीवरच्या पॅनेलने धक्काही लागत नाही.

म्हणून प्रश्न असा: तुमच्या घरात, शेतात, धंद्यात जे तेलावर किंवा गॅसवर चालत होतं, त्यातलं नेमकं काय विजेवर गेलं? आणि जे गेलं नाही ते कशामुळे अडलं? भाषणं नकोत, अनुभव लिहा.

भीमातीर

पंढरपूर तालुका, ऊसवाला.

तेलाला पर्याय म्हणून एवढं लिहिलंत आणि इथेनॉलचं नावसुद्धा नाही? राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळायचं उद्दिष्ट २०३० चं होतं, ते अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये गाठलंसुद्धा. तुम्ही पंपावर जे टाकता त्यातला पाचवा हिस्सा शेतातनं आलेला आहे. आखाताला धक्का लागत नाही कसं म्हणता?

सातरस्ता

भीमातीर, मुद्दाम टाळलं होतं, कारण धागा तिकडेच वाहत जाणार हे माहीत होतं. आता निघालंच आहे तर हिशेब मांडतो.

इथेनॉल मिसळतं फक्त पेट्रोलमध्ये. पेट्रोल म्हणजे एकूण वापराचा सहावा हिस्सा. त्याचे २० टक्के. त्यातही लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. त्यामुळे गाडी पूर्वीपेक्षा थोडी जास्त पिते, ही तक्रार सगळेच करतात. सगळं धरून देशाच्या एकूण वापरातलं दोन-अडीच टक्के तेल वाचतं. शून्य नाही, मान्य. पण "तेलाला पर्याय" म्हणावं इतकं नाही. मोठा घास डिझेलचा आहे आणि तिथे तुमचा ऊस पोचलेला नाही.

कोरडवाहू

मंगळवेढ्याहून. पाण्याचं कोण बोलणार?

नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात आहे, उसापासून एक लिटर इथेनॉल करायला साधारण २८६० लिटर पाणी लागतं. आपला पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आलं तर. उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्यात गेलं की बातम्या येतात, शहरात चार-पाच दिवसांआड नळ, आणि त्याच उजनीच्या पाण्यावर ऊस उभा. परदेशी तेल वाचवायला आपण आपलं पाणी टाकीत ओततोय, असा याचा सरळ अर्थ आहे. आमच्या मालदांडी ज्वारीला एवढं पाणी कुणी विचारलं असतं तर आम्हीपण बागायतदार झालो असतो.

भीमातीर

कोरडवाहू, राग समजतो. पण मग लावू काय? डाळिंबावर तेल्या रोग येतो, द्राक्षाला अवकाळी झोडपतो. ऊस हे एकच पीक आहे ज्याचा भाव आधी ठरलेला असतो. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात म्हणून बऱ्याच कारखान्यांना एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, देणं जमतंय. आधी साखर गोदामात पडून राहायची आणि आमची बिलं लटकायची.

आणि हेही लक्षात घ्या, डिसेंबर २०२३ मध्ये ऊस कमी होणार म्हणून सरकारने रसापासून इथेनॉल करायला एका रात्रीत लगाम घातला. कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केलेले कारखाने बघत बसले. आता तर मक्यापासूनचं इथेनॉल उसापेक्षा जास्त झालंय. तेव्हा सगळं पाप उसाच्या माथी मारू नका. माझा ऊस ठिबकवर आहे, पाटाने सोडणाऱ्यांना बोला.

पूर्वभाग

टॉवेलचं काम आहे, अक्कलकोट रोडला शेड.

आमचे माग विजेवर चालतात, त्यामुळे धाग्याच्या हिशेबात आम्ही सुटलो असं वाटेल. तसं नाही की ओ. लाइट गेली की डिझेलचा जनरेटर. सूत आणायला, डाइंगला न्यायला, माल ट्रान्सपोर्टवर टाकायला टेम्पो. रंग आणि बरीचशी केमिकल पेट्रोलियममधूनच निघतात. कच्च्या तेलाचा भाव चढला की चार-सहा आठवड्यांत रंगवाला नवा रेट पाठवतो. २०२२ ला युक्रेनची लढाई लागली तेव्हा कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर गेलं आणि आमच्याकडे डाइंगचा दर किलोमागे वाढला. आमचा आणि युक्रेनचा संबंध काय? पण लागला.

अजून एक कुणाच्या लक्षात येत नाही. सोलापुरी चादरीला मारलं कुणी? पानिपतच्या मिंक ब्लँकेटने. ते पॉलिस्टरचं, म्हणजे तेलाचंच. आमची चादर कापसाची. तेल स्वस्त असलं की ब्लँकेट स्वस्त आणि चादर पडून. तेल महागलं की रंग, टेम्पो, जनरेटर महाग. दोन्हीकडून आम्हीच.

गुरुजी_निवृत्त

पूर्वभाग यांचा प्रतिसाद फार आवडला. पॉलिस्टरचा मुद्दा नवा आहे.

थोडं मागचं. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. आम्ही तेव्हा शाळेत. आखात कुठे आहे हे नकाशात शोधावं लागायचं, पण रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभं राहायचं काम आमच्याकडेच. पुढे १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि तेलाचं बिल इतकं फुगलं की १९९१ ला देशाचं सोनं गहाण पडलं, त्यामागे हेही एक कारण होतं. दर वेळी लोक म्हणतात की आता शहाणे होऊ. भाव उतरला की विसरतात. एप्रिल २०२० मध्ये तर अमेरिकेत एक दिवस तेलाचा सौदा शून्याच्या खाली गेला होता. तेव्हा पर्याय वगैरे कुणाच्या तोंडात नव्हतं.

सातरस्ता यांच्या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर मात्र आपल्या डोळ्यांसमोर असून कुणी लिहिलं नाही. रेल्वे! काही वर्षांपूर्वीपर्यंत सोलापूरच्या फलाटावर डिझेल इंजिनाचा धूर नाकात जायचा. दौंड-सोलापूर-वाडी मार्गावर विजेच्या तारा आल्या, फेब्रुवारी २०२३ ला वंदे भारत सुरू झाली, सिद्धेश्वर एक्स्प्रेससुद्धा विजेवर धावते. प्रवाशाने काही त्याग केला नाही, कुणाला अनुदानाचा फॉर्म भरावा लागला नाही. तेल सुटलं. असं व्हायला पाहिजे.

मार्केटयार्ड

गुरुजी, रेल्वे झाली हो, पण माल कुठे रेल्वेने जातो? कांदा, डाळिंब, बेदाणा, सगळं ट्रकवर. २०२० च्या डिसेंबरात शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला सुटली तेव्हा आम्ही खूश होतो. भाड्यात निम्मी सवलत होती. सवलत गेली आणि पुन्हा सगळे ट्रकवाल्यांच्या दारात. पुणे-हैदराबाद हायवेवर रात्री उभं राहून बघा डिझेल कुठे जातंय ते. बॅटरीवरचा ट्रक अजून या लांबीला परवडत नाही. माझं मत विचाराल तर गच्चीवरच्या सोलरला देतात त्यातले थोडे पैसे रेल्वेच्या भाडेसवलतीला द्या, जास्त तेल वाचेल.

चौकस_बे

अवांतर आहे, पण राहवत नाही.

सिद्धेश्वर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी जून २०२३ ला पाडली. तिथे बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून वीज व्हायची. पाडली कशासाठी? विमानाला अडथळा म्हणून. २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, ते उडतं पेट्रोलियमवर. विमानतळ नको असं माझं म्हणणं नाही, मीच पहिल्या आठवड्यात तिकीट शोधत होतो. पण ज्या गावात अपारंपरिक ऊर्जेची एवढी चर्चा होते त्या गावात त्या भांडणात हा मुद्दा माझ्या तरी कानावर आला नाही!

सातरस्ता

चौकस_बे, चिमणीचा विषय इथे नको, धागा बंद पडेल. :)

मार्केटयार्ड यांचा मुद्दा उचलतो. डिझेल हाच खरा डोंगर आहे आणि तो एकेकट्या घराने हलणार नाही. त्यासाठी रेल्वे, एसटी, मालवाहतूक यांच्यात बदल लागेल. जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर पहिली ई-शिवाई धावली, पण एसटीच्या एकूण ताफ्याकडे बघितलं तर विजेवरच्या गाड्या अजून थोड्याच.

पाणीपुरी_नको

गंमत आहे. तेलासाठी आखातावर अवलंबून होतो, आता सोलर सेल आणि लिथियमसाठी चीनवर राहू. मालक बदलला फक्त. शिवाय इलेक्ट्रिक गाडी कोळशाच्या विजेवरच चार्ज होते, म्हणजे धूर सात रस्त्यावरून फताटेवाडीला नेऊन ठेवला एवढंच. मी पेट्रोलच टाकणार.

फेजगेला

वीज खात्यात आयुष्य गेलं, म्हणून दोन्ही शंकांना उत्तर देतो.

पहिली चीनची. अवलंबून राहण्यात फरक असतो. तेल आज आणलं, उद्या जळालं, परवा परत आणा. आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जगातलं जवळपास पाचवा हिस्सा तेल जातं, ती अडली की दोन आठवड्यांत तुमच्या पंपावर कळतं. सरकारने विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूरला जमिनीखाली तेल साठवलंय, ते भरलेलं असलं तरी देशाला साधारण साडेनऊ दिवस पुरेल. पॅनेल एकदा आणलं की पंचवीस वर्षं चालतं. उद्या चीनने पुरवठा थांबवला तर नवीन बसणार नाहीत, बसलेली बंद पडणार नाहीत.

दुसरी कोळशाची. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर धरा. एक लिटर जळून २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे किलोमीटरला पन्नास ग्रॅमच्या आसपास. विजेची स्कूटर एका युनिटात तीस-पस्तीस किलोमीटर जाते. आपल्या ग्रिडचं एक युनिट साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइडचं. वहनातली गळती धरली तरी किलोमीटरला पंचवीस-तीस ग्रॅम. बहुतांश कोळशाच्या असलेल्या या ग्रिडवर चार्ज करूनसुद्धा जवळपास निम्मं. कारण पेट्रोल इंजिनात तीन-चतुर्थांश ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. आणि दुपारी आपल्या पॅनेलवर चार्ज केली तर विषयच संपला. खर्चाचं तर बोलायलाच नको, पेट्रोल शंभरीच्या वर आहे.

अडचणीही सांगतो, नाहीतर मला विक्रेता समजाल. आपल्या उन्हाचं कौतुक जरा बेतानेच करा. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नाही. एप्रिल-मेमध्ये पॅनेलचा पृष्ठभाग ६०-६५ अंशांवर जातो आणि पंचवीसच्या वर प्रत्येक अंशाला ०.३५ ते ०.४ टक्का वीज घटते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात पंधरा टक्के तिथेच गेली. वर धूळ. पॅनेल धुवायला पाणी लागतं, आणि नळ कधी येतो ते तुम्हाला माहीतच आहे.

सुगरण_कुमठानाका

मी कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय करते, हाताखाली सात-आठ बायका आहेत. सगळे गाड्यांवर बोलताय, गॅसवर कुणी बोलत नाही. वर तीन कोटी टन लिहिलंय ना दादांनी? देशात लागणाऱ्या गॅसपैकी साठ टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतो, तोही बहुतेक आखातातूनच. पण गॅस म्हणजे बायकांचं खातं, म्हणून राहून गेलं असणार.

घरी इंडक्शन घेतलंय. वरण, भात, दूध, चहा, शेंगा भाजणं, सगळं त्यावर उत्तम. भाकरी नाही होत. तवा सपाट लागतो, कडेला आच पोचत नाही, आणि भाकरी फुगायला शेवटी विस्तव लागतोच. कडक भाकरी तर मंद आचेवर ठेवून ठेवून वाळवायची. इन्फ्रारेडची शेगडी पण आणून बघितली, कोणताही तवा चालतो तिच्यावर, पण आमच्या कामाचा वेग तिला झेपत नाही. म्हणून आता घरचा स्वयंपाक विजेवर, भाकऱ्या गॅसवर. घरचा सिलिंडर पूर्वीपेक्षा दुपटीने पुरतो. धंद्याचा खर्च तसाच.

आमच्यातल्या बहुतेक बायका भाड्याच्या खोलीत राहतात, काही विडी वळतात. त्यांना गच्ची कुठली? मालक म्हणतो, मीटर माझ्या नावावर. तुमचं ते ७८ हजारांचं अनुदान गच्ची असलेल्यांसाठीच आहे.

गुरुजी_निवृत्त

ताई, गच्चीचा मुद्दा लाखमोलाचा. आमच्या अपार्टमेंटमध्ये तर सोळा फ्लॅट आणि एक गच्ची. त्यावर कुणाचं पॅनेल, यावरून मीटिंगमध्ये जे झालं ते लिहीत नाही. शेवटी फक्त लिफ्ट आणि पाण्याच्या मोटारीसाठी सामाईक बसवलं.

भीमातीर

आमच्याकडे काय विजेवर गेलं ते सांगतो, नुसता ऊस ऊस करतो असं वाटायला नको. नदीकाठच्या वस्तीवर पूर्वी डिझेल इंजिन होतं, भावाने आता सौर पंप घेतला. योजनेत दहा टक्के भरायचे, बाकी सरकार. पाच एचपी. फायदा डिझेलचा आहेच, पण खरा फायदा रात्रीचा. थ्री फेज रात्री यायची, अंधारात साप-विंचवाच्या भीतीत दारं धरायला जायचं, ते थांबलं. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर पंधरा दिवस वायरमनच्या मागे फिरणं थांबलं. ढगाळ असलं की पाणी कमी पडतं आणि गारपिटीची धास्ती आहे. पण परत इंजिनकडे जाणार नाही म्हणतो.

ट्रॅक्टरचं मात्र काय करायचं सांगा. नांगरट, रोटाव्हेटर, ऊस वाहतूक, सगळं डिझेलवर.

कोरडवाहू

पाणी फुकट झालं की मोटार दिवसभर चालू राहते, तेही लिहा. भूजल कुठल्या आखातातून आणणार?

सातरस्ता

ट्रॅक्टरला आज तरी उत्तर नाही. नांगरटीला जेवढी ताकद लागते तेवढी बॅटरी बसवली तर किंमत लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणूनच माझं म्हणणं आहे की जिथे पर्याय तयार आहे तिथे डिझेल-पेट्रोल जाळणं आधी थांबवा: शहरातली दुचाकी, तीनचाकी, घरचा स्वयंपाक, रेल्वेने जाऊ शकणारा माल. जे तेल खरंच लागणार आहे ते ट्रॅक्टरला आणि ट्रकला राहू दे. आणि कोरडवाहूंचं बरोबर आहे, सौर पंपाबरोबर ठिबकची सक्ती हवी होती.

सुगरणताई, गॅसचा आकडा मीच दिला होता आणि पुढे लिहिलं नाही, कारण तुमच्यासारखा अनुभव मला कुठून असणार? भाड्याने राहणाऱ्यांसाठी छतावरची योजना कामाचीच नाही. त्यांना इंडक्शनची शेगडी आणि तिच्यापुरती स्वस्त वीज द्या, गॅस आपोआप कमी होईल.

पूर्वभाग

फेजगेला साहेब, एक विचारायचं होतं. माझं शेड जुनं, पत्र्याचं, छत तोलायला लोखंडी कैच्या. वीस किलोवॅट बसवायचं मनात आहे. एकाने येऊन नुसता फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी कोटेशन पाठवलं, कैच्यांकडे बघितलंसुद्धा नाही. मागांच्या हादऱ्याने शेड आधीच थरथरतं.

आणि टेम्पोचं. डाइंगला आणि ट्रान्सपोर्टला मिळून रोजची फेरी शहरातल्या शहरात आहे. विजेवरची तीनचाकी लोडर घेतली आणि दुपारी शेडवरच लावली तर?

फेजगेला

त्याला पैसे देऊ नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कैच्या तपासून घ्या. पॅनेल आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला पंधरा किलोच्या आसपास वजन येतं, पण खरी भीती वजनाची नाही, वळवाच्या वाऱ्याची. वारा पॅनेल वर उचलतो, त्याबरोबर पत्रा उचलतो. पत्रे जुने सिमेंटचे असतील तर आधी बदला, त्यावर बसवू नका. हादऱ्यासाठी बोल्टला लॉक नट मागा आणि वर्षातून एकदा आवळून घ्या.

लोडरचा विचार बरोबर आहे. माग दिवसा चालतात, पॅनेल दिवसा चालतात, रविवारी माग बंद असताना वीज ग्रिडला जाते. लोडरला साधा सिंगल फेज पॉइंट पुरतो. फक्त घेण्याआधी माल भरून उड्डाणपुलावर चढवून बघा, रिकाम्या गाडीची ट्रायल घेऊ नका.

पूर्वभाग

पत्रे सिमेंटचेच आहेत. म्हणजे आधी तो खर्च. बघतो, दिवाळीचा सीझन झाला की कैच्या दाखवतो. लोडर मात्र आधी घेईन, त्याला शेडची वाट बघायची गरज नाही.